गुडघे हवालदार

जयसिंगपूरच्या चौगुल्यांच्या तंबाखूच्या वखारीचे पत्रे सकाळीच उतरवायला घेतले होते. आम्ही टेम्पो फाटकातून आत घातला तेव्हा अर्ध्या वखारीत ऊन पडलं होतं. उरलेल्या अर्ध्या छपरावर चढलेली माणसं एकेक पत्रा सुटा करून खाली सोडत होती. पत्रा आदळला की जमिनीवरची तंबाखूची जुनी धूळ उठायची आणि खालची सगळी माणसं एकदम शिंकायची.

बाहुबली मगदूम टेम्पोचं इंजिन बंद करायच्या आधीच उतरला. पाय जमिनीला लागताच त्यानं आवारात दुसरी गाडी आहे का ते पाहिलं. नव्हती. तरी त्याला चैन पडेना. वखारीचे मालक बाळगोंडा चौगुले कडुलिंबाखाली खुर्ची टाकून, नाकाला ओला पंचा लावून बसले होते. त्यांना नमस्कार करायच्या आधी त्यानं विचारलं, "बेळगावचे पै आले नाहीत ना अजून?"

"निघालेत म्हणे," चौगुले पंच्याआडून म्हणाले. "तुम्ही आधी आलासा, तुम्ही आधी बघा. मला संध्याकाळपर्यंत जागा मोकळी पाहिजे. एवढी घाई माझ्या पोरीच्या लग्नातबी कुणी केली नव्हती."

ही गोष्ट होऊन आता बारा-पंधरा वर्षं झाली. व्हिडिओ गेमची जुनी मशीनं गोळा करणारे लोक आमच्या भागात तेव्हा मोजकेच होते. शाळेजवळच्या पार्लरमध्ये टोकन टाकून खेळायची ती कपाटाएवढी लाकडी मशीनं, समोर काच, खाली दांडा आणि बटणं. पार्लरं बंद पडली तशी ती मिळेल त्या अडगळीत गेली आणि पुढं त्यांच्या शोधात फिरणारे शौकीन निघाले. ते सगळे एकमेकांना ओळखायचे, सणाला फोन करायचे आणि एकमेकांना चुकीचे पत्ते द्यायचे. बेळगावचे पै त्यांच्यातलेच, आणि बाहुबली सगळ्यात उतावळा. मी त्याच्यासोबत असायचो, कारण माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. लाकूड, रंग, काच तो बघायचा, वायरी मी. बंद थिएटरांच्या पडद्यामागं, सूतगिरणीच्या कॅन्टीनमध्ये, एकदा तर बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आम्ही मशीनं शोधली होती. मिळतील ती तो आणायचा, मी चालू करायचो. पण त्याला खरं हवं होतं ते एकच मशीन, आणि ते कोणतं हे मला विचारावं लागत नव्हतं.

आमचं गाव यंत्रमागांचं. बाहुबलीचे वडील आदगोंडा मगदूम, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, आधी बिघडलेले माग दुरुस्त करायचे. पुढं त्यांनी पेठेत गेम पार्लर काढलं. एका दुपारी तिथं धाड पडली. आरोप असा, की एका मशीनवरचा पोरांचा खेळ नुसता दाखवायला आहे, आत पत्त्यांचा जुगार आहे, आणि कुणी नको असलेलं माणूस आलं की अण्णा गुडघ्यानं खटका दाबून पत्ते घालवतात. हे डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार एकच, एक हवालदार. खटला उभा राहिला. मशीन कोर्टात आणलं, वीज जोडली आणि अण्णांचे वकील हवालदाराला म्हणाले, दाखवा. हवालदारानं गुडघा टेकवून दाबला, पुन्हा दाबला, जरा सरकून पुन्हा दाबला. पडद्यावर विमानं उडत राहिली. कोर्टात हशा पिकला. अण्णा सुटले. हवालदाराची बढती अडली, दूरच्या चौकीवर बदली झाली आणि गावानं त्याचं नाव 'गुडघे हवालदार' ठेवलं.

तो हवालदार म्हणजे माझे वडील, रंगराव खवरे. शाळेत पोरं मला 'गुडघ्या' म्हणायची.

अण्णा सुटले तरी पार्लर सावरलं नाही. आईबाप पोरांना तिकडं पाठवेनात. खोट्या केसनं मला संपवलं, असं म्हणत म्हणतच अण्णा गेले. मशीन सरकारी लिलावात कुणीतरी उचललं आणि दिसेनासं झालं. आता बाहुबली अण्णांच्या नावानं गावात जुन्या मशीनचं दालन उघडणार होता. मधोमध ते मशीन, वर एक फलक. फलकाचा मजकूर त्यानं मला वाचून दाखवला नव्हता, पण छापखान्यातल्या टेबलावर तो माझ्या नजरेला पडला होता. त्यात 'खोटी साक्ष' असे दोन शब्द होते.

इतकी वर्षं आम्ही एका टेम्पोत बसून फिरलो, एका ताटात जेवलो. त्या केसबद्दल मात्र तो काही बोलला नव्हता, आणि मीही नाही.

वखारीत उजव्या भिंतीला बारदानांचा ढीग होता. त्यामागं मशीनं उभी होती. चौगुल्यांच्या धाकट्या भावानं ती लिलावात आणि मोडीत घेतली होती, उरुसात खेळांचा तंबू लावायचा म्हणून. तंबू काही लागला नाही आणि भाऊही पुढं वारला. मशीनं आणून ठेवली तशीच राहिली. तंबाखूमुळं उंदीर फिरकले नव्हते आणि वाळवीही लागली नव्हती.

बाहुबली बारदानं ओढत सुटला. धुळीनं डोळे लाल झाले तरी थांबेना. पहिल्या मशीनला त्यानं नुसता हात लावला आणि पुढं गेला. दुसरंही सोडलं. कोपऱ्यातल्या मशीनपाशी तो खाली बसला आणि शर्टाच्या बाहीनं दांडा पुसला. खेळायच्या दांड्याच्या टोकाला एरवी लाल गोळा असतो. इथं मागावरची लाकडी कांडी बसवलेली होती, हाताळून गुळगुळीत झालेली.

"विश्वास," त्यानं हाक मारली. आवाज बारीक झाला होता. "मागचं उघड."

मी मागची फळी काढली. आत वायरींचे जुडगे सुतानं बांधलेले होते. बाजारातली मशीनं प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली असतात, सुतानं कुणी बांधत नाही. बाहुबलीनं टॉर्च धरला, एक गाठ नखानं उचलून बघितली आणि तो हसायला लागला.

"मागवाल्याची गाठ आहे ही. तुटलेला धागा जोडायची. आणि बघ, उलटी बसलीय. अण्णा डावखुरे होते. अख्ख्या गावात अशी गाठ एकाच माणसाची. कुणी हजार कागद दाखवू दे, मला आता दुसरा पुरावा नको."

त्यानं तिथूनच आईला फोन लावला. सापडलं, एवढंच म्हणाला आणि मग नुसतं हं, हं करत ऐकत राहिला. तेवढ्यात बाहेरून चौगुल्यांनी हाक दिली. पैंचा फोन आला होता, ते नाक्यापर्यंत आले होते आणि सगळी मशीनं एकगठ्ठा घ्यायला तयार होते. बाहुबली शिवी हासडून बाहेर धावला.

मी आत एकटाच राहिलो. मशीन चालू करायच्या आधी सगळ्या वायरी माग काढून बघायच्या ही माझी पद्धत. पॉवर सप्लाय मागं होता, स्पीकर वर, गेमचं बोर्ड बाजूच्या भिंतीला. एक जुडगा मात्र तळाच्या फळीतून खाली जात होता. खाली जायचं त्याला काही कारण नव्हतं.

मी तळाची फळी स्क्रू काढून उचलली. खाली वीतभर उंचीचा कप्पा होता. त्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं दुसरं बोर्ड. शेजारी रिले, म्हणजे पडदा एका बोर्डावरून दुसऱ्यावर टाकणारी डबी. आणि पुढच्या बाजूला, गुडघा येतो त्या उंचीवर, आतून चिकटवलेलं एक बारीक बटण. बटणासमोरचं प्लायवूड आतून तासून पातळ केलेलं होतं. बाहेरून काही कळलं नसतं. दाब पडला की लाकूड लवणार आणि बटण बसणार.

सगळं सुतानं बांधलेलं होतं. गाठी उलट्या बसलेल्या होत्या.

वर पत्रे पडत होते. शाळेपासून ज्या गोष्टीची वाट बघत आलो होतो ती समोर होती आणि मला काही वाटत नव्हतं. बाहेरून बाहुबलीचा घासाघीस करणारा आवाज येत होता, मधूनच त्याचं हसू. मी फळी परत ठेवली आणि स्क्रू फिरवायला लागलो.

"झालं," तो आत येत म्हणाला. "बाकीची पैला, हे आपलं. खाली काय गा?"

मी स्क्रू फिरवत राहिलो. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या हातातून पेचकस काढून घेतला.

फळी उचलल्यावर तो बराच वेळ आत टॉर्च मारून बघत होता. पिशवी काढून त्यानं बोर्ड उलटसुलट केलं. बटणावर बोट ठेवलं.

"हे नंतरचं असणार," तो म्हणाला. "चौगुल्यांच्या भावानं घातलं असणार. उरुसात चालतंयच हे."

मी त्यानं काढलेले स्क्रू गोळा करत होतो.

"बोल की. नंतरचं असणार का नाही?"

"गाठ बघ," मी म्हणालो.

त्यानं बघितली. नखानं उचलली, पुन्हा खाली सोडली. मग उठून कपडे झटकले आणि म्हणाला, मशीन चालू कर. असलं काय, नसलं काय, चालतंय का ते बघू. कोर्टात चाललं नव्हतं.

वखारीचं मीटर अजून चालू होतं. मी बल्ब सिरीजला लावून वीज जोडली. आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि मशीन वाचतं. बल्ब मंद तांबडा झाला आणि तसाच राहिला. काच काळीच होती. मग मधे एक पांढरा ठिपका आला, तो रुंद झाला आणि धुळीनं माखलेल्या काचेआड निळं आभाळ आणि विमानं दिसायला लागली. पत्रेवाली दोन माणसं खाली उतरून मागं येऊन उभी राहिली.

बाहुबलीनं गुडघा टेकवला आणि दाबला. विमानं उडत होती. त्यानं पुन्हा दाबला, मग जोरात. विमानं उडत होती.

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेलो नाही. एवढा हायसं वाटलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. "मेलेला खटका आहे," तो म्हणाला. "घातला असेल कुणीतरी, चालला कधीच नाही. अण्णांनीच बघितला असेल करून, जमला नसेल. न केलेल्या गुन्ह्याला काय, मनात आलं म्हणून फाशी?"

मी आत बघत होतो. खटक्याची वायर सरळ रिलेला जात नव्हती. ती आधी वर, टोकन पडतं त्या डब्याला जाऊन येत होती. बाहुबली माझ्या नजरेमागं नजर लावून उभा होता आणि त्या वायरीवरून त्याचीही नजर वर गेली. तिथंच थांबून तो ओठ चावत राहिला. तो आता वीज काढायला सांगेल आणि आपण मशीन टेम्पोत चढवू, असं मला वाटलं. मी प्लगपाशी हातही नेला.

"थांब," तो म्हणाला.

त्याचा एक नियम होता. कुणाकडूनही मशीन घेताना टोकन टाकून एक डाव खेळल्याशिवाय ते चालतं असं तो मान्य करायचा नाही. पैंसारख्यांशी याच्यावरून त्याची भांडणं व्हायची. आता त्याच्या खिशात टोकन नव्हतं. त्यानं हात आत घातला आणि डब्यात पडलेल्या टोकनानं दबून राहते ती तार बोटानं खाली दाबली. मशीन 'टिंग' वाजलं. हात आतच ठेवून, वाकडा उभा राहून, त्यानं गुडघा लावला.

आभाळ गेलं. पडदा हिरवा झाला आणि त्यावर एकेक करून पाच पत्ते मांडले गेले.

मागं उभ्या असलेल्यांतला एक माणूस म्हणाला, "आयला, पत्तंबी हायत की."

बाहुबलीनं गुडघा पुन्हा लावला. विमानं परत आली. त्यानं स्वतःच प्लग ओढला.

आम्ही मशीन टेम्पोत चढवलं. पै फाटकातून आत येत होते, त्यांना बाहुबलीनं नमस्कारसुद्धा केला नाही. रस्त्याला लागल्यावर त्याच्या आईचा फोन वाजला, त्यानं तो वाजू दिला. पुन्हा वाजला. मग त्यानं गाडी उसाच्या शेताकडेला घेतली, छापखान्याला फोन लावला आणि तो फलक छापू नका, एवढं सांगून ठेवून दिला. गाडी मात्र चालू करेना. किल्लीशी चाळा करत राहिला.

"मी इतकी वर्षं मशीन शोधत होतो," तो समोर बघत म्हणाला. "तू खटका शोधत होतास. होय न्हवं?"

"होय," मी म्हणालो.

"मग सापडल्यावर झाकलास कशाला?"

मी खिडकीची काच खाली घेतली. त्यानं किल्ली फिरवली.

गावात शिरल्यावर टेम्पो त्याच्या घराकडं वळला नाही. आमच्या बोळाच्या तोंडाशी त्यानं इंजिन बंद केलं आणि माझ्या आधी उतरला. आबा, माझे वडील, ओट्यावर सुपात लसूण सोलत बसले होते. आई गेल्यापासून घरातली असली बारीक कामं ते नेमानं करायचे, पाकळी पाकळी साफ. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मगदूमांचा ना तू?"

"होय काका."

"ये. बस की."

बाहुबली बसला नाही. चप्पल काढून ओट्याच्या पायरीशी उभा राहिला. मशीन सापडलंय, जयसिंगपूरला, असं त्यानं सांगितलं. आबा लसूण सोलत होते. मग तो म्हणाला, "खटका आहे त्यात. गुडघ्याचा. अण्णांनीच घातलेला. मी चालवून बघितला."

आबांचे हात थांबले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. लहानपणापासून मी या क्षणाची अनेक रूपं मनात रंगवली होती. आबा ओरडतात, रडतात, बोळातल्या लोकांना हाका मारतात. त्यांनी बोटाला चिकटलेलं साल काढलं आणि एखाद्या कामाची चौकशी करावी तसं विचारलं, "मग कोर्टात का लागला नाही?"

बाहुबलीनं समजावून सांगितलं. आधी टोकन पडावं लागतं. डब्यात टोकन असलं तरच खटक्याला वीज मिळते. नुसता गुडघा कितीही लावला तरी काही होत नाही.

"टोकन," आबा म्हणाले.

मग त्यांना हसू आलं, आवाज न होणारं, नुसते खांदे हलणारं.

"टोकनं मशीनमध्येच होती रे. फौजदार म्हणत होते, राहू देत आत, एकत्रच जाऊ दे सगळं. मीच म्हटलं, तसं नको साहेब. मुद्देमाल म्हणजे वेगवेगळा पाहिजे, उद्या वकील बोट ठेवील. मीच मोजून काढली. पाकिटात घातली. लाख लावली, सही घेतली पंचांची." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "कोर्टात गुडघा लावत होतो तेव्हा ते पाकीट माझ्या हातात होतं."

बाहुबली पायरीशी हलला नाही. "अण्णा समोर उभे असणार," तो हळूच म्हणाला. "त्यांना कळत असणार. त्या पाकिटाकडं बघत असणार ते."

"बघत होता," आबा म्हणाले. "सारखा हाताकडं बघत होता माझ्या. मला वाटलं, माझा हात थरथरतोय म्हणून बघतोय."

बाहुबली ओट्यावर बसला.